आईचं एक पान आणि १ जून

आई जानेवारीत गेली, पहाटे चारच्या सुमारास, घरीच. जालन्याला. मी संभाजीनगरहून पोचेपर्यंत सहा वाजून गेले होते आणि भावानं तोवर डॉक्टरांना बोलावून घेतलं होतं, कारण घरी माणूस गेलं की डॉक्टरांनी भरलेला ४-अ नमुना लागतो, मृत्यूचं कारण लिहिलेला, तो असला की पुढं महापालिकेत नोंद करताना डोकं कमी खातात. एकवीस दिवसांच्या आत नोंद केली तर काही फी नाही, नंतर केली की लेट फी न् काय काय. हे सगळं मला आईनंच शिकवलेलं. चर्चमधे कुणी गेलं की त्या घरी पहिल्यांदा पोचणारी आईच असायची, एका हातात बायबल न् दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कोरा फॉर्म, पेन, कापूस आणि अगरबत्तीचा पुडा. या वेळेस ती पिशवी खुंटीला तशीच लटकलेली होती. भावानं त्यातूनच कापूस काढला.

आठच्या सुमारास चर्चच्या सेक्रेटरींचा फोन आला. दफन दुसऱ्या दिवशी चारला ठरलं, मामा नांदेडहून येणार होते आणि धाकटी बहीण पुण्याहून. मग ते म्हणाले, "ताई, जीवनवृत्तांत तुम्ही लिहा. एक पान बास, दोन्हीकडून नको, पाळकसाहेब म्हणलेत तीन मिनिटाच्या वर नको जाऊ देऊ." आमच्याकडं दफनाच्या उपासनेत संदेशाच्या आधी माणसाचा जीवनवृत्तांत वाचतात. जन्म कुठं, बाप्तिस्मा कधी, लग्न, लेकरं, नोकरी, मंडळीतली सेवा, आजारपण, मागं कोण कोण. वाचणारा खाली बघून वाचतो आणि समोरची मंडळी आपलं नाव येतंय का ते ऐकत असते. (जावयाचं नाव राहिलं तर वर्षभर पुरतं ते.)

मी म्हणलं मला काही सुचत नाहीय तर ते म्हणाले, काही टेन्शन नका घेऊ, जुने पाठवतो, नाव तेवढं बदला. आणि खरंच व्हॉट्सअॅपवर चार फोटो आले. चार वेगवेगळ्या माणसांचे जीवनवृत्तांत, फुलस्केपवर, निळ्या पेननं. मी पहिला उघडला न् बघतच राहिले. अक्षर आईचं. दुसरा उघडला, आईचं. चारही. मंडळीतलं कुणीही गेलं की रात्री बसून ती लिहायची हे मला माहीत होतं पण कधी वाचले नव्हते. आणि चारही जण प्रार्थनाशील होते, मनमिळाऊ होते, सेवाभावी होते, चारही जणांनी आपल्या लेकरांना प्रभूच्या भयात वाढवलं होतं. त्यातला एक माणूस तर मला चांगला आठवतो, दारू पिऊन नाताळच्या रात्री चर्चच्या गेटवर पडलेला असायचा. तोही मनमिळाऊ.

तर त्या रात्री मी तेच केलं. आईच्याच शब्दांत आईला बसवलं. "ख्रिस्तवासी" लिहिलं, "प्रार्थनाशील माता" लिहिलं, "संडेस्कूलची तीस वर्षं निःस्वार्थ सेवा" लिहिलं. जन्मतारीख आधार कार्डावरून उतरवली, १ जून १९५७. बाहेर अंगणात शीतपेटीची मोटर घरघरत होती, बायका गीतं म्हणत होत्या, एक ओळ वर एक ओळ खाली. रात्री दोनला पान संपलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा बरोबर तीन मिनिटं लागली, नंतर दोघा-तिघांनी छान झालं म्हणून सांगितलं. मला मात्र वाटत होतं की मी दुसऱ्याच कुणाचं तरी वाचून आले.

कब्रस्तानातलं फार लिहित नाही. आमच्याकडं दोन फुटांखाली मुरूम लागतो, खणणारे सकाळपासून पहारीनं फोडत होते तरी चारला वेळ लागला, मंडळी उभी राहिली. एकजण म्हणाला, "बाई असत्या तर खणणाऱ्याला दुपारीच च्या पाठवला असता." खरं होतं, आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं.

आता खरी गोष्ट त्याच्यानंतर सुरू होते. चाळिसाव्या दिवशी स्मरणार्थ उपासना ठेवायची ठरली आणि पाळकसाहेब म्हणाले, त्या दिवशी वेळ आहे, दहा मिनिटं घ्या, नीट लिहा. म्हणजे माझ्याकडं सव्वा महिना होता. मी शाळेत शिकवते, मुलांना निबंध लिहायला सांगते "माझी आई", आणि स्वतःला एक परिच्छेद जमेना. मग एक वही केली आणि जो कोणी बसायला येईल त्याला विचारायला लागले, तुम्हाला आईचं काय आठवतं.

सुरुवातीला सगळे तेच बोलायचे. लई चांगल्या होत्या. लई जीव लावायच्या. मग मी प्रश्न बदलला, आई तुम्हाला कधी रागावली होती का? आणि बाप्पा, मग धरणाचं दार उघडल्यासारखं झालं!

महिला मंडळातल्या एक मावशी म्हणाल्या, दानाच्या पैशात एक रुपया कमी आला तर आई कुणालाच घरी जाऊ द्यायची नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायची, एकदा दुपारचे दोन वाजले होते न् शेवटी रुपया सापडला तो पिशवीच्या शिवणीत. दुसऱ्या म्हणाल्या, मी प्रभुभोजनाचे पेले साध्या फडक्यानं पुसले म्हणून मला सगळ्यांसमोर बोलली होती, तीन महिने मी तिच्याशी बोलले नाही. एक जुने सभासद होते, त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. एकदा कमिटीत विधवांच्या फंडातले पैसे हॉलच्या फरशीला वापरायचं ठरत होतं. आई उभी राहिली न् म्हणाली, ज्या बाईच्या घरात शेणाचं सारवण आहे तिच्या पैशावर आपण गुळगुळीत फरशीवर बसणार का. फरशी झालीच. आईनं त्याच दिवशी कमिटीचा राजीनामा लिहून दिला आणि शनिवारी संध्याकाळी नेहमीसारखी पेले धुवायला, मनुके भिजवून द्राक्षरस करायला हजर. मरेपर्यंत ती फरशीच्या कडेनं चालायची म्हणे. मी आईबरोबर चाळीस वर्षं त्या चर्चमधे गेले, तिचं कडेनं चालणं मी गुडघेदुखी समजत होते.

मग एका दुपारी तीन बायका अंबडकडच्या एका खेड्यातून एसटीनं आल्या. त्यांना पेपरातून नाही, कुणाच्या तरी फोनवरून उशिरा कळलं होतं. आई जिल्हा परिषदेत एएनएम होती, उपकेंद्रावर, पण खेड्यात एएनएम कुणी म्हणत नाही, नर्सबाई. त्यातली एकजण म्हणाली, "माझे तिन्ही बाळंतपणं नर्सबाईनंच केले. लाईट गेलेली, कंदिलावर. आन् दरवेळी सुरू करायच्या आधी डोळे मिटून उभ्या राहायच्या घटकाभर. आमाला काही म्हणल्या नाईत कधी, तुमी बी म्हणा असं नाई. पन मंग आमी बी डोळे मिटायचो." मी विचारलं, रागवायची का? तर ती हसली न् म्हणाली, "रागवायची? चौथ्याच्या टायमाला माझ्या नवऱ्याला कामून कामून म्हणून असं झापलं ना, त्यो दोन दिवस घरी आला नाई. चौथं झालंच नाई मंग."

हे ऐकताना मला बरं वाटत होतं आणि आतून थोडं जळतही होतं, खोटं कशाला बोलू. कारण आमच्या वाट्याला ती कमी आली. सोमवार ते शनिवार उपकेंद्र, आणि रविवार, जो बाकीच्या लेकरांचा आईचा दिवस असतो, तो चर्चचा. सकाळी सातला कुलूप उघडायचं, संडेस्कूल, उपासना, मग गृहभेटी, संध्याकाळी महिला मंडळ. आम्ही तिघं दुपारी सकाळचीच भाकर खायचो, ठेचा लावून. नाताळच्या नाटकात मी सात वर्षं मेंढरू झाले. मरिया एकदाही नाही. मी रडले तेव्हा म्हणाली, लोक म्हणतील स्वतःच्या पोरीलाच दिलं. नंतर मरियेला निळी ओढणी म्हणून जी दिली ती माझी होती.

पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं, आणि पुढं त्यात पोलिओचा रविवार म्हणजे दिवसभर ड्युटी. आता चर्च आणि पोलिओ दोन्ही रविवारी, तर तिनं काय केलं, पहाटे पाचला उठून चर्च झाडून ठेवायची, किल्ली माझ्या हातात द्यायची आणि थंडगार व्हॅक्सिनचा डबा खांद्याला लावून बुथवर. संडेस्कूल मी घ्यायची, वय चौदा. फ्लॅनेलच्या बोर्डवर चित्रं चिकटवायची, योनाचा मासा दरवेळी खाली पडायचा. २०१४ च्या मार्चमधे भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं त्या दिवशी तिनं आम्हाला तिघांनाही फोन केला होता. असल्या गोष्टीला ती कधी फोन करायची नाही. म्हणाली, "तुमचे रविवार वाया नाही गेले." मी तेव्हा हो हो म्हणून ठेवून दिला, शाळेत परीक्षा चालू होत्या. "तुमचे" म्हणाली होती ती, "माझे" नाही, हे वहीत लिहिताना लक्षात आलं.

किल्लारीच्या भूकंपाचं मला दहा वर्षांची असतानाचं आठवतं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपले होते न् पहाटे चारच्या आत सगळं संपलं. आईला तिकडं पाठवलं होतं काही दिवस. परत आली ती गप्पच. आम्हाला वाटलं काही सांगेल पण ती फक्त अंगणात झोपायला लागली, आणि आम्हाला पण बाहेर काढलं, नोव्हेंबरच्या थंडीत. मराठवाड्यात त्या वर्षी सगळेच बाहेर झोपायचे म्हणून कुणाला विशेष वाटलं नाही. धाकट्या बहिणीला यातलं काहीच आठवत नाही. तिची आई वेगळीच आहे, ती म्हणते, आई तर रोज मला केसाला तेल लावायची. मला नाही आठवत तेल.

भाऊ म्हणाला हे तेलाचं न् भाकरीचं काय लिहायलीस, बाप्तिस्म्याची तारीख तरी टाकलीस का? तर ती नव्हती. दफनाच्या वेळेस ती ओळच गाळली होती मी. म्हणून पाळकसाहेबांना विचारून चर्चचं जुनं कपाट उघडलं. किल्ल्यांचा जुडगा आमच्याच घरी होता, अकरा किल्ल्या, कुठली कशाची ते फक्त आईला ठाऊक. नववी लागली.

जालन्यातली ख्रिस्ती मंडळी जुनी, रेव्हरंड नारायण शेषाद्रींच्या काळापासूनची, एकोणिसाव्या शतकात त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलेलं. पण एवढं जुनं काही कपाटात नव्हतं, वाळवीनं खाल्लं म्हणतात. मला हवं होतं ते रजिस्टर मात्र सापडलं, पुठ्ठ्याचं, वर जुन्या मिशनचं नाव, कारण वेगवेगळ्या मिशनच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली १९७० च्या नोव्हेंबरमधे आणि हे त्याच्या आधीचं. खेड्यातल्या लेकरांचे बाप्तिस्मे पण इथंच लिहिलेले. एक तास बोट फिरवत बसले. मग आजोबांचं नाव दिसलं, पेशा शेतमजूर, मुक्काम अंबड तालुका, जिल्हा औरंगाबाद. (जालना जिल्हा १९८१ ला झाला, तोवर आम्ही सगळे औरंगाबादचे.) लेकराचं नाव, आईचं. बाप्तिस्मा ६ एप्रिल १९५८, पुनरुत्थान रविवार. वय, दोन महिने.

मी दोनदा वाचलं. एप्रिलमधे दोन महिने म्हणजे जन्म फेब्रुवारी १९५८ चा. आधारवर १ जून १९५७. म्हणजे आईचं वय कागदावर आठ महिन्यांनी जास्त.

यात नवल काही नाही म्हणा. आमच्याकडं एका पिढीचा अर्धा गाव १ जूनला जन्मलेला आहे. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर लेकराकडं बघायचे, डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावायचे आणि १ जून ठोकून द्यायचे, शाळा जूनमधे सुरू व्हायची तर हिशोबाला सोपं. म्हणून दरवर्षी ३१ मेला महाराष्ट्रातल्या ऑफिसात निरोपसमारंभांची रांग लागते. आईचाही ३१ मे २०१५ लाच झाला, अठ्ठावन्न पुरे. नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ. खरं तर तिची अजून आठ-नऊ महिने नोकरी बाकी होती. आठ-नऊ महिन्यांचा पगार. त्या वर्षी भावाच्या घराचे हप्ते चालू होते आणि तिनं स्वतःच्या बांगड्या मोडल्या होत्या.

मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "आगं मग, ती ज्वारीच्या टायमाची हाय. माय सांगायची ना, खुडणी चालू होती आन् वावरातूनच घरी आणलं म्हणून." मी म्हणलं मग हे कधी बदललं कसं नाही? मामा स्वतः जिल्हा परिषदेतून रिटायर, म्हणाले सेवापुस्तकातली जन्मतारीख नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत बदलायची असते, नंतर कुणी हात लावत नाही. तिला ठाऊकच नसंल.

मलाही तसंच वाटलं. रजिस्टर मिटणार तेवढ्यात दिसलं, त्या ओळीच्या बाजूला मार्जिनमधे पेन्सिलीची बारीक खूण. टिकमार्क. आईची टिकमार्क मी कुठंही ओळखीन, संडेस्कूलच्या हजेरीत तशीच असायची, शेपूट वर न जाता आडवं जाणारी. कपाटाची किल्ली तिच्याकडं किती वर्षं होती! कधी बघितलं असेल, १९९० ला की २०१४ ला, काय वाटलं असेल, कुणाला का नाही बोलली, आता कुणाला विचारू. एकदा रिटायर झाल्यावर चहा पिताना म्हणाली होती, "सरकारनं लवकर सोडलं मला." मी म्हणलं होतं बरं झालं की, आराम कर. तिनं दुसऱ्याच आठवड्यापासून बुधवारची उपवास प्रार्थना पण अंगावर घेतली.

चाळिसाव्याला मी नऊ मिनिटं वाचलं. त्यात रुपया होता, कंदील होता, बहात्तरच्या दुष्काळात चौदा वर्षांची आई खडी फोडायला जायची न् सुकडी भावाला ठेवायची ते होतं (हे मामांनी दिलं, रडत रडत), मेंढरू होतं. मेंढराला लोक हसले. फरशीचं काढून टाकावं लागलं. पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत, म्हणाले आत्ता नको ताई, ज्यांनी ठरवलं ते समोर बसणार आहेत. मी काढलं. पण वाचायला जाताना आणि येताना मी भिंतीच्या कडेनं गेले. कुणाच्या लक्षात आलं का माहीत नाही, पेलेवाल्या मावशी बघत होत्या मात्र.

"प्रार्थनाशील" हा शब्द ठेवला एकदा. तिचा होता म्हणून.

दगड लगेच बसवत नाहीत, माती दबायला एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो, नाहीतर तिरका होतो. म्हणून दिवाळीच्या आधी आम्ही ग्रॅनाइटवाल्याकडं गेलो. तो अक्षरावर पैसे घेतो, काना-मात्रा धरत नाही, अंकाला वेगळे. भाऊ म्हणाला आधारची तारीख टाक, उगं पुढं कागदाला अडचण नको. मी म्हणलं दगडाला कोण आधार लिंक करायला लावणारय! धाकटी म्हणाली तारीखच नको, वर्ष टाका. तासभर दुकानात उभं राहून भांडलो, तो बिचारा दोनदा चहा सांगून बसला. शेवटी ठरलं, "जन्म फेब्रुवारी १९५८". तो म्हणाला ताई, नुसता महिना टाकला की मोकळं मोकळं दिसतं हो, एखादा आकडा द्या, कुठला बी. म्हणलं मास्तरांनी पण असंच केलं होतं. त्याला काही कळलं नाही.

आठ दिवसांनी दगड बघायला गेलो तर त्यानं "फेब्रूवारी" कोरलेलं. त्यातला ब्रू दीर्घ. आई संडेस्कूलच्या लेकरांच्या वह्या लाल पेननं तपासायची, बायबलची वचनं जरी शुद्ध लिहिली नाहीत तरी अर्धा मार्क कापायची. भाऊ म्हणाला राहू दे, कोण बघतंय. मी म्हणलं नाही चालायचं. ग्रॅनाइटवर खोडता येत नाही, त्यानं काळं लप्पम, म्हणजे पुट्टी, भरून तो ऊकार बुजवला, वरून घासला आणि शेजारी ऱ्हस्व कोरून दिला, आणि वर अजून एका अक्षराचे पैसे लावले. चूक त्याची न् पैसे आमचे, आई असती तर एक रुपया देऊ दिला नसता. मी दिले. दुपारी काही कळत नाही, पण संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की दोन्ही ऊकार दिसतात.